सतरंजीतली धूळ आणि छातीतली घरघर

वर्षावास सुरू झाला की विहारातली सतरंजी रोज संध्याकाळी अंथरली जाते. आषाढ पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत ग्रंथवाचन चालते, लहान मुले मांडी घालून पुढे बसतात, म्हातारी माणसे भिंतीला टेकतात. म्हणजे वर्षभरात सतरंजीचा सर्वांत जास्त वापर होतो तो नेमका सर्वांत ओल्या तीन महिन्यांत. औंढा नागनाथ तालुक्यातले आपले सिद्धेश्वर तर पूर्णा नदीवरच्या धरणाचे गाव. पावसाची झड लागली की शहाबादी फरशीला घाम सुटतो, सारवलेल्या जमिनीतून ओल वर येते, आणि रात्री घाईने गुंडाळून कोपऱ्यात उभी केलेली सतरंजी दुसऱ्या दिवशी उलगडली की कुबट वास येतो. याच दिवसांत कुणाला सकाळी उठल्या उठल्या दहा-बारा शिंका येतात, कुणाच्या छातीत रात्री घरघर वाजते. आपण हवामानाला दोष देतो. पायाखालच्या अंथरुणाकडे कुणी पाहत नाही.

म्हणून या वेळी आरोग्याच्या पानावर सतरंजी. ती किती वर्षे टिकते आणि तिच्यावर बसणाऱ्याची छाती किती निरोगी राहते, हे दोन्ही प्रश्न शेवटी धूळ आणि ओल या दोनच गोष्टींशी येऊन थांबतात.

आधी टिकण्याचे पाहू. घट्ट पिळाच्या सुताची, हातमागावरची सतरंजी घरात नीट वापरली तर दहा-पंधरा वर्षे सहज जाते. आपला मराठवाडा ज्या हैदराबाद संस्थानात होता, त्याच संस्थानातल्या वरंगळच्या सतरंज्या नावाजलेल्या. तिथले गालिचे १८५१ साली लंडनच्या मोठ्या प्रदर्शनात मांडले गेले होते आणि वरंगळच्या सतरंजीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळाले. बाजारात हल्ली स्वस्तात मिळते ती मिश्र धाग्याची, विरळ विणीची. विकत घेताना सतरंजी उजेडासमोर धरून पाहावी. आरपार उजेड दिसत असेल तर ती दोन-चार वर्षांची सोबतीण समजा. शहरात नोकरीला असलेल्या मुलांच्या घरी दाट लवेचा कृत्रिम धाग्याचा गालिचा असतो. तो धाग्याच्या प्रतीनुसार पाच ते पंधरा वर्षे टिकतो, पण त्याची एकच बाजू वापरता येते. सतरंजीला दोन्ही बाजू असतात, हा तिचा मोठा गुण. तो गुण किती घरांत वापरला जातो, हा प्रश्नच आहे.

सतरंजी बसून-चालून झिजते असे आपण म्हणतो. खरे तर ती कापली जाते. पायाबरोबर आलेले मातीचे आणि रेतीचे बारीक कण विणीत उतरतात. त्यांच्या कडा धारदार असतात. वरून माणसाचे वजन पडले की हे कण धाग्यावर घासतात, पॉलिश पेपर लाकडावर घासावा तसे. वरून सतरंजी स्वच्छ दिसते आणि आतून धागा तुटत जातो. म्हणून चप्पल दाराबाहेर काढण्याची आपली सवय चांगलीच आहे, पण ती पुरेशी नाही. शेतातून आलेले पाय धुऊन आणि पुसून मगच सतरंजीवर यावे. ओल्या पायाने आलेली काळी माती तर धाग्याला चिकटून बसते.

आता छातीकडे वळू. घरातल्या धुळीत अतिशय सूक्ष्म किडे राहतात, लांबीने मिलिमीटरच्या एक तृतीयांशाएवढे. माणसाच्या अंगावरून झडणारी त्वचेची कोंडी हे त्यांचे अन्न. ते चावत नाहीत, पण त्यांची विष्ठा धुळीबरोबर श्वासात जाते आणि ज्यांना तिची ॲलर्जी असते त्यांना शिंका, डोळ्यांची खाज, सर्दी आणि दमा होतो. हे किडे पाणी पीत नाहीत, हवेतली ओल शोषून जगतात. हवेतली आर्द्रता सत्तर-ऐंशी टक्के असली की त्यांची वाढ जोरात होते. पन्नास टक्क्यांच्या खाली फार दिवस राहिली तर ते सुकून मरतात. ओल्या सतरंजीवर बुरशी धरते ती वेगळीच. तिच्या कणांनीही दमा उसळतो, आणि तीच बुरशी सुती धागा कुजवते.

यावरचा उपाय आपल्याकडे फुकट आहे. एप्रिल-मे महिन्यातले मराठवाड्याचे कोरडे ऊन. सतरंजी उलटी करून, म्हणजे रोज खाली जाणारी बाजू वर ठेवून, तीन-चार तास कडक उन्हात टाकावी. त्याने रंगही फारसा उडत नाही. पण ऊन दाखवून थांबू नये. किडे मेले तरी त्यांची विष्ठा विणीत राहतेच, म्हणून उन्हानंतर झटकणे आणि मग धुणे हवेच. पावसाळ्यात दोन दिवस उघडीप मिळाली की विहाराची सतरंजी बाहेर काढलीच पाहिजे, कार्यक्रम असो वा नसो.

झटकण्याची रीत विनयपिटकात सांगितलेली आहे, हे अनेकांना माहीत नसते. चुल्लवग्गात भिक्खूंच्या निवासाच्या स्वच्छतेचे नियम आहेत. जमिनीवरचे अंथरूण बाहेर न्यावे, उन्हात वाळवावे, स्वच्छ करून झटकावे आणि पुन्हा होते तसे अंथरावे, असा क्रम त्यात दिला आहे. एवढेच नव्हे, तर अंथरूण दुसऱ्या भिक्खूंजवळ, निवासाजवळ किंवा पिण्याच्या पाण्याजवळ झटकू नये, वाऱ्याच्या वरच्या अंगाला झटकू नये, खालच्या अंगाला झटकावे, असेही सांगितले आहे. आज छातीचा डॉक्टर याहून वेगळे काय सांगेल?

तर सतरंजी दोरीवर किंवा गडग्यावर टाकावी, वारा आपल्या पाठीमागून येईल असे उभे राहावे, नाकातोंडाला ओला रुमाल बांधावा आणि मागच्या बाजूने काठी मारावी, म्हणजे कण आल्या वाटेने बाहेर पडतात. दारात, अंगणात मुले खेळत असताना किंवा पाण्याच्या रांजणाशेजारी हे काम नको. ज्याला दमा आहे त्याने ते करूच नये. आणि ज्याच्या छातीत घरघर आहे त्याने सतरंजी उन्हात टाकली म्हणून दवाखाना टाळू नये. डॉक्टरांनी दिलेला पंप मनाने बंद करू नये.

धुण्याबद्दल थोडे. वर्षातून एक-दोनदा पुरे, सारखे धुतल्यानेही धागा हलका होतो. ओले पांढरे फडके कोपऱ्यावर दाबून रंग सुटतो का ते आधी पाहावे. साधे पाणी, रिठा किंवा सौम्य साबण वापरावा. ब्लीचिंग पावडर नको, तारेचा ब्रशही नको. धुऊन झाल्यावर पूर्ण वाळल्याशिवाय गुंडाळू नये. हाताला कोरडी लागली तरी घडीच्या आत ओल असते, म्हणून आणखी एक ऊन द्यावे. पण सर्वांत महत्त्वाची गोष्ट वेगळी आहे. मोठी सतरंजी धुवायला कालव्यावर किंवा धरणाच्या पाण्यात नेऊ नका. पाणी प्यालेली सुती सतरंजी इतकी जड होते की वाहत्या पाण्यात ती माणसाला ओढून नेऊ शकते. हातपंपाजवळ, फरशीवर, दोघा-तिघांनी मिळून धुवा.

आणि हे दोघे-तिघे कोण? बहुतेक गावांत विहाराची सतरंजी महिला मंडळाच्या गळ्यात पडते. तरुण मंडळी झेंडे लावतात, ध्वनिक्षेपक बांधतात, आणि जड ओली सतरंजी उचलते कंबरदुखी असलेली एखादी आजी. बसायचे अंथरूण ही आपल्या समाजात साधी वस्तू नाही. बाबासाहेबांना शाळेत बसायला स्वतःचे गोणपाट न्यावे लागे. शाळा झाडणारा नोकरसुद्धा त्याला हात लावत नसे, म्हणून ते रोज संध्याकाळी घरी आणावे लागे आणि दुसऱ्या दिवशी परत न्यावे लागे. हे त्यांनी स्वतः लिहून ठेवले आहे. ज्यांच्या वाट्याला वेगळे गोणपाट आले त्यांच्या विहारात आज सर्वांसाठी एक सतरंजी आहे, तर ती उचलायलाही सर्वांचेच हात लागावेत, असे माझे मत आहे.

डागांचे दोन प्रकार आपल्याकडे नेहमीचे. एक हळदीचा. वसमतकडची हळद ज्या घरात येते तिथे तो चुकत नाही. हळदीला साबण लागला की डाग लाल होतो आणि बायका घाबरून आणखी घासतात. घासू नये. साध्या पाण्याने धुऊन उन्हात टाकावे. हळदीचा रंग उन्हाने आपोआप उडतो. दुसरा मेणाचा. पौर्णिमेला मेणबत्त्या लागतात आणि मेण सतरंजीवर सांडते. ते गरम असताना पुसू नका. घट्ट होऊ द्या, बोथट सुरीने खरवडा, मग वर-खाली जुने वर्तमानपत्र ठेवून कोमट इस्त्री फिरवा, उरलेले मेण कागद पिऊन घेतो. बाळाने शू केली तर मात्र वाट पाहू नये, लगेच पाणी टाकून धुवावे, नाहीतर रंगही जातो आणि वासही राहतो.

ठेवण्याची जागा हा जिवाशी संबंधित विषय आहे. सतरंजीची घडी घालू नये, गुंडाळी करावी. घडीच्या रेषेवर धागा आधी तुटतो. गुंडाळी जमिनीला आणि भिंतीला टेकवून न ठेवता फळीवर आडवी ठेवावी. कोपऱ्यातल्या गुंडाळीत विंचू हमखास आसरा घेतो. उलगडताना हात आत घालू नये, दुरून झटकून मग अंथरावी. विंचवाच्या दंशावर प्राझोसिन हे औषध परिणामकारक ठरते, हे महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी दाखवून दिले. ते मूळचे जालना जिल्ह्यातले. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. दंश झाला तर मांत्रिकाकडे वेळ न घालवता सरकारी दवाखाना गाठावा. पावसाळ्यात जमिनीवर सतरंजी टाकून झोपणाऱ्याला मण्यार चावण्याचा धोका असतो. तिचा दंश फारसा दुखतही नाही. पहाटे पोट दुखते, पापण्या जड होतात, बोलता येईनासे होते. अशा वेळी १०८ ला फोन करावा. शक्यतो बाजेवर झोपावे, नाहीतर मच्छरदाणीच्या कडा अंथरुणाखाली नीट खोचाव्यात.

कसर लागू नये म्हणून अनेक जण डांबराच्या गोळ्या टाकतात. नॅफ्थलीनच्या या गोळ्यांची वाफ नवजात बाळाला घातक ठरू शकते. ज्या बाळात जी-सिक्स-पीडी नावाच्या एन्झाइमची जन्मजात कमतरता असते त्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात आणि मोठी कावीळ होते. ही कमतरता बाहेरून पाहून कळत नाही. बाळंतिणीच्या खोलीत, बाळाच्या वाकळीत किंवा सतरंजीत या गोळ्या नकोतच. कसर मुख्यतः लोकरीला लागते; सुती सतरंजीला कोरडी जागा आणि कडुनिंबाचा वाळलेला पाला पुरतो. ढेकूण झाले म्हणून कापसावरचे औषध सतरंजीवर फवारणारेही आहेत. ते विष तिथेच राहते आणि रांगणाऱ्या मुलाच्या हातातून तोंडात जाते. ढेकणांना उकळते पाणी आणि कडक ऊन हाच उपाय धरावा.

आयुष्य वाढवणाऱ्या आणखी दोन लहान गोष्टी. दाराकडची बाजू आणि मधला पट्टा आधी झिजतो, म्हणून दर दोन महिन्यांनी सतरंजीची टोके अदलाबदल करावीत आणि बाजू पलटावी. कडेच्या दशा सुटू लागल्या की त्याच आठवड्यात जाड कापडाचा गोट शिवून घ्यावा. एक धागा सुटला की उसवण आत सरकतच जाते.

आणि खरोखरच विरली तर? याचे उत्तरही चुल्लवग्गात आहे. कोसंबीच्या उदेन राजाच्या राण्यांनी आनंदाला पाचशे वस्त्रे दान दिली. इतक्या वस्त्रांचे हा काय करणार, अशी राजाला शंका आली. आनंदाने सांगितले की ती जुनी चीवरे झालेल्या भिक्खूंना वाटू. जुन्या चीवरांची पांघरुणे होतील, त्यांच्या गादीच्या खोळी, खोळींची जमिनीवरची अंथरुणे, अंथरुणांची पायपुसणी, पायपुसण्यांची झाडणी, आणि शेवटी त्यांचे तुकडे चिखलात मळून जमीन लिंपली जाईल. सुती सतरंजीचे आजही असेच करता येते. चांगला भाग कापून लहान बैठका कराव्यात, मधला वाकळीत घालावा, उरलेल्याची दारातली पायपुसणी.

मंडपात वापरलेले लाल-हिरवे कार्पेट कुणी घरी आणून अंथरले असेल तर त्याचे मात्र यातले काहीच होत नाही. ते विणलेले नसते, कृत्रिम तंतू दाबून केलेले असते. धूळ धरून ठेवते, नीट धुतले जात नाही आणि वर्षभरात त्याचे तंतू सुटू लागतात. लहान मूल किंवा दम्याचा रुग्ण असलेल्या घरात ते ठेवूच नये. टाकून देताना ते चुलीत किंवा शेकोटीत घालू नये, ते प्लास्टिकच आहे आणि त्याचा धूर पुन्हा छातीतच जातो.