बिनतारी जोडणीतील दोषशोधन

लिनक्सवर चालणाऱ्या लॅपटॉपची बिनतारी जोडणी बंद पडली, की सारी प्रणाली नव्याने बसविण्याचा मोह होतो. त्यात साठविलेले काम गमावण्याचा धोका असतो. म्हणून दोष क्रमाने शोधावा. प्रथम 'आरएफकिल लिस्ट' ही आज्ञा द्यावी. रेडिओ आज्ञेने बंद आहे की कळीने, हे तीवरून कळते. रेडिओ चालू असूनही एकही जाळे दिसत नसेल, तर वायफाय चिपची 'फर्मवेअर' ही आज्ञावली नसण्याचा संभव असतो. 'डीएमईएसजी' या आज्ञेने दिसणाऱ्या नोंदी तपासाव्यात. डेबियनच्या अधिकृत स्थापना-संचात मुक्त नसलेल्या फर्मवेअरचा समावेश २०२३ मध्ये झाला. जोडणी होऊनही संकेतस्थळ उघडत नसेल, तर ८.८.८.८ या अंकी पत्त्यावर 'पिंग' करावे. उत्तर आल्यास जोडणी शाबूत असून दोष बहुधा नावावरून पत्ता शोधणाऱ्या व्यवस्थेत असतो, असे समजावे.