माळवद आणि धज्जी

30 सप्टेंबर 1993च्या पहाटे किल्लारी परिसरात भूकंपात माणसे दगावली ती मुख्यतः दगडमातीच्या जाड भिंतींखाली. काही माळवदी घरांत मात्र भिंती ढासळूनही लाकडी खांब-तुळयांचा सांगाडा उभा राहिला. या गोष्टीची हवी तेवढी चर्चा झाली नाही.

काश्मीरच्या ‘धज्जी देवारी’ घरांत हाच सांगाडा अधिक विचाराने बांधलेला दिसतो. खांब, आडवी लाकडे आणि तिरप्या पट्ट्या मिळून भिंतीचे छोटे छोटे खण पाडतात. त्यांत दगड किंवा विटा मातीच्या गाऱ्यात बसवतात. भिंत पातळ, म्हणून हलकी, आणि वजन कमी तितका भूकंपाचा जोर कमी. तिरप्या पट्ट्या चौकट कलू देत नाहीत. खणातले दगड किंचित सरकतात, एकमेकांवर घासतात आणि धक्क्याची ऊर्जा त्या घर्षणात जिरते. तडा गेलाच, तर लाकडाशी अडतो. कच्चा वाटणारा मातीचा गाराच इथे कामी येतो!

8 ऑक्टोबर 2005च्या 7.6 तीव्रतेच्या भूकंपात अशी अनेक घरे तगली. पुढे नियंत्रणरेषेपलीकडच्या पुनर्बांधणीतही ही पद्धत स्वीकारली गेली.

खरी परीक्षा सांध्यांची. लाकूड कुजले, वाळवी लागली किंवा छत भिंतीला नीट बांधले नाही, तर धज्जीही कोसळते.