नर्सताई म्हणजे नुसती सुई नव्हे

तायांनो, "गप बस, नायतर नर्सबाई सुई टोचंल" असं आपण पोराला किती सहज म्हणतो! मग पोराच्या डोक्यात नर्स म्हणजे सुई, एवढंच बसतं. भेटही लशीच्या दिवशीच होते. बाळपणीच्या सुया आठवत नाहीत, पण ५ वर्षांचा बूस्टर पोरं विसरत नाहीत. १० व्या वर्षी टीडीची सुई शाळेत येणार म्हटलं, की पोटात दुखायला लागतं. सुई चुकली, की धनुर्वात-घटसर्पापासूनचं संरक्षण राहून जातं.

उपकेंद्रातली एएनएम ताई गरोदर बाईचं बीपी बघते, बाळाचं वजन करते, लोहाच्या गोळ्या देते. तेव्हाही पोराला सोबत न्या, बघू द्या. सुईच्या दिवशी "काही दुखत नाही" म्हणू नका. "थोडं दुखंल, लगेच थांबंल" असं खरं सांगा. नाहीतर पुढच्या वेळी ते आपल्यावरही विश्वास ठेवत नाही. तान्ह्याला टोचताना अंगावर घेऊन पाजलं, तर रडणं कमी होतं.

मोठी मुलगी असेल तर विचारा, नर्स होशील का? बारावीनंतर जीएनएम ३ वर्षांचं, बीएस्सी नर्सिंग ४ वर्षांचं. आणि हो, मुलगाही करू शकतो. घरात हसतील, हसू द्या.