आजीचं पाळण्यातलं नाव

आज आधी एक प्रश्न विचारतो. तुमच्या आजीचं पाळण्यातलं नाव काय होतं? लग्नात सासरी ठेवलेलं नको, आईबापांनी ठेवलेलं सांगा.

आमच्या बचत गटाच्या बैठकीत हा प्रश्न निघाला, तेव्हा तिघी-चौघींनाच उत्तर देता आलं. प्रश्न निघाला तोही एका अडचणीमुळे. गटातल्या एका ताईंची आजी वारली. वारसनोंदीच्या वेळी माहेरच्या कागदावर एक नाव आणि सासरच्या कागदावर दुसरं. दोन्ही नावांची बाई एकच, हे सांगू शकणारं घरात कुणी उरलं नव्हतं. वर्षभर हेलपाटे झाले. तेव्हा आम्ही ठरवलं, ज्यांच्या आज्या आहेत त्यांनी आत्ताच विचारून लिहून ठेवायचं. जन्मापासून लग्नापर्यंतचं तरी नक्की, कारण आईला एका घराचा इतिहास माहीत असतो, पण तिच्या माहेरचा तिच्याबरोबरच जातो.

सुरुवात केली गटातल्याच एका नव्वदी ओलांडलेल्या आजींपासून. माहेर चाकणजवळ, खेड तालुक्यात, सासर चिंचवडला. आधार कार्डावर जन्मतारीख 1 जानेवारी 1930. आजी म्हणाल्या, "ती तारीख मास्तरांनी ठोकून दिली." वर्ष विचारलं तर, "तेव्हा कुठं वर्षं मोजायचो आम्ही?"

इथंच पहिली युक्ती कळली. आजीला साल विचारायचं नाही, खूण विचारायची. लग्न कधी झालं, असं विचारण्याऐवजी आम्ही विचारलं, लग्नात काय काय होतं? आजींना लगेच आठवलं. साखर मिळेना म्हणून गुळाची लापशी केली होती. कापड कंट्रोलचं, त्यामुळे नवं लुगडं एकच. आणि ओवाळणीच्या ताटात भोकाचे पैसे पडले होते.

भोकाचा पैसा हीच आमची किल्ली! दुसरं महायुद्ध 1939 ते 1945 असं चाललं. तांब्याची टंचाई झाली म्हणून सरकारनं 1943 पासून मधोमध भोक असलेला हलका पैसा काढला. म्हणजे लग्न 1943च्या आधीचं नाही. पुढची खूण अशी: गांधीजी गेले तेव्हा, म्हणजे 30 जानेवारी 1948ला, थोरला रांगत होता. मधे दोन दिवाळ्या आजी माहेरीच होत्या. बोटं मोजली आणि लग्न 1944च्या आसपास येऊन बसलं.

युद्ध युरोपात आणि बर्मात चाललं होतं, पण त्याची झळ चुलीपर्यंत पोचली होती. धान्य, साखर, रॉकेल, कापड सगळ्यावर नियंत्रण आलं. रेशनच्या दुकानाला आपण अजूनही 'कंट्रोल' म्हणतो, तो त्याच काळचा शब्द. देहूरोडला लष्कराचा मोठा डेपो उभा राहिला. आजींचे दीर तिथं हमालीला लागले. "रोख पगाराचं घर म्हणून बापानं होकार दिला," आजी म्हणाल्या. म्हणजे त्यांचं लग्नसुद्धा युद्धानंच ठरवलं म्हणायचं.

मग आम्ही बालपणाकडे वळलो. आजी दुसरीपर्यंत शाळेत गेल्या होत्या. धाकट्या भावाला सांभाळायला कुणी नव्हतं, म्हणून नाव काढलं. नातीनं त्या गावच्या शाळेत जाऊन जुनं जनरल रजिस्टर पाहण्यासाठी अर्ज केला. पिवळ्या पानावर नाव सापडलं, पाळण्यातलं! जन्मसाल लिहिलं होतं 1932. म्हणजे लग्नात आजी बाराच्या. 1930 पासून लागू झालेल्या शारदा कायद्यानं मुलीचं वय 14 पूर्ण हवं होतं. कायदा होता, पण गावात विचारणारं कोण? 1949ला ते वय 15 झालं आणि 1978ला 18. आजींना हे सांगितलं तर त्या बराच वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "म्हणजे मी खरंच लहान होते." आमच्यातलं कुणीच पुढे काही बोललं नाही.

शाळेत नाव नसेल तर आणखी वाटा आहेत. तहसील कार्यालयात जुनं कोतवाल बुक, म्हणजे गावच्या जन्म-मृत्यूची नोंद, मिळू शकते. त्यात बऱ्याचदा बापाचं नाव आणि पुढे फक्त 'मुलगी' एवढंच असतं. तरी तारीख हाती लागते. पणजोबांच्या वारसनोंदीचा फेरफार काढा. त्यात लेकींची नावं कधी कधी नवऱ्याच्या नावासकट असतात आणि दोन घरांचा दुवा तिथं जुळतो. आपल्या भागात जमिनींना भाव आल्यापासून लेकींच्या सह्या हक्कसोडीवर पटापट घेतल्या जातात. हा दुवा माहीत असलेली बाई सही करण्याआधी निदान विचारते तरी.

कागद नसेल तिथं जात्यावरची ओवी विचारा. हेमा राईरकर आणि गी प्वातव्हाँ यांनी गावोगावच्या बायकांकडून एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. त्यांत भाऊ, आई, माहेरची वाट, सासरचा जाच, सगळं आहे. आमच्या आजींनाही ओवी म्हणताना आपल्या आत्याचं गाव आठवलं, जे आधी तीनदा विचारून आठवलं नव्हतं.

लिहून ठेवल्यानं काय होतं, याचं उदाहरण कोल्हापूरजवळ आहे. याच युद्धात घरदार गमावलेले सुमारे पाच हजार पोलिश लोक, बहुतेक बायका आणि मुलं, 1943 ते 1948 वळिवड्याच्या छावणीत राहिले. पुढे ते इंग्लंड, पोलंड, ऑस्ट्रेलिया असे पांगले. पण त्यांतल्या मुलींनी म्हातारपणी आपलं बालपण लिहून काढलं. म्हणून त्यांच्या नातवंडांना वळिवडं माहीत आहे. आणि त्याच सालात लग्न होऊन चिंचवडला आलेल्या आपल्या आजीची मात्र एक ओळ कुठं नाही.

तर या आठवड्यात एक वही घ्या. पहिल्या पानावर आजीचं पाळण्यातलं नाव, तिच्या आईचं नाव आणि आईचं माहेर लिहा. मग खुणा विचारा: भोकाचा पैसा, गांधीजी गेले ते साल, डॉ. बाबासाहेबांनी देहूरोडला बुद्धमूर्ती बसवली तो 25 डिसेंबर 1954, पानशेत फुटलं तो 12 जुलै 1961. मोबाइलवर आवाजही ठेवा. आजी थकली तर थांबा. रडली तर वही मिटून पाणी द्या. सांगायचं नसेल ते सोडून द्या, तो तिचा हक्क आहे.

1 मे 2024 पासून जन्मलेल्या मुलांच्या नावात आपल्या राज्यात आईचं नाव लिहावं लागतं. पुढच्यांची सोय झाली. मागच्यांची आपणच करायची. आमच्या आजींना आता नात त्यांच्या पाळण्यातल्या नावानं हाक मारते. पहिल्या दिवशी त्यांनी मागं वळून पाहिलं, दुसरंच कुणी आलंय की काय म्हणून. आता लगेच 'ओ' देतात.