चंक्रमण

चंक्रमण : ठरावीक, सरळ व आखूड मार्गावर सावकाश येरझारा घालीत पावलांच्या हालचालीवर अवधान टिकविण्याची साधना. संस्कृत ‘क्रम्’ (पाऊल टाकणे) या धातूच्या पौनःपुन्यदर्शक रूपापासून हा शब्द बनला असून पाली भाषेत त्याला ‘चंकम’ म्हणतात. चालण्याची क्रिया आणि त्यासाठी मुद्दाम तयार केलेला मार्ग वा चौथरा, असे दोन्ही अर्थ या संज्ञेने सूचित होतात. विचारांची गर्दी झालेल्या मनाला स्थिर बसणे कठीण जाते. अशा मनाला शांत करण्यासाठी शरीराच्या हालचालीचाच आधार घेणे, हे या साधनेचे मूलतत्त्व होय.

प्राचीन उल्लेख : बौद्ध भिक्षूंच्या दिनचर्येत बैठ्या ध्यानाच्या जोडीने चंक्रमणास स्थान होते. अंगुत्तरनिकायात त्याचे पाच लाभ सांगितले आहेत : प्रवासाची क्षमता येणे, परिश्रमाची क्षमता येणे, आरोग्य राहणे, अन्न नीट पचणे आणि चालताना साधलेली समाधी दीर्घकाळ टिकणे. विनयपिटकात चंक्रमणाच्या मार्गाविषयी व त्यावरील छपराविषयी नियम आहेत. जातकट्ठकथेच्या निदानकथेत अशा मार्गाचे पाच दोष दिले आहेत : जमीन कठीण व खडबडीत असणे, वाटेत झाड असणे, वाट झुडपांनी झाकलेली असणे, ती अतिअरुंद असणे आणि अतिरुंद असणे. फार रुंद वाटेवर चित्तही सैरावैरा धावते, हे शेवटच्या दोषाचे कारण मार्मिक आहे.

बोधगया येथे महाबोधी मंदिराच्या उत्तर बाजूस ‘रत्नचंक्रम’ हा चौथरा असून, संबोधीनंतर बुद्धाने तेथे सात दिवस चंक्रमण केले, अशी परंपरा आहे. सारनाथ येथील भव्य बोधिसत्त्वमूर्ती भिक्षू बल याने कनिष्काच्या राज्यवर्ष ३ मध्ये स्थापिली. बुद्ध जेथे चंक्रमण करीत त्या जागी ती स्थापिल्याचे तिच्या लेखात नमूद आहे. बौद्ध परंपरेबाहेर सुश्रुतसंहितेतही देहाला फार न शिणविणारे चंक्रमण आयुष्य, बल, बुद्धी व जठराग्नी वाढविणारे आणि इंद्रियांना जागृत करणारे म्हटले आहे.

या साधनेतील अतिरेकाचा धोकाही प्राचीनांना ठाऊक होता. सुखात वाढलेला सोण कोळिविस हा भिक्षू पाय रक्तबंबाळ होईपर्यंत चालला आणि तरीही मन स्थिर होईना, म्हणून निराश होऊन गृहस्थाश्रमात परतण्याचा विचार करू लागला. वीणेच्या तारा फार ताणल्या किंवा फार सैल सोडल्या, तर सूर लागत नाही. प्रयत्नाचेही तसेच आहे, असे बुद्धाने त्याला समजाविले.

पद्धती : साधारणपणे वीस-तीस पावलांची सपाट व निवांत वाट निवडतात. हात पुढे वा मागे सैलसर गुंफलेले, दृष्टी काही पावले पुढे जमिनीवर आणि गती नेहमीपेक्षा मंद असते. टाच उचलणे, पाय पुढे जाणे, तळवा जमिनीला टेकणे, शरीराचा भार एका पायावरून दुसऱ्यावर जाणे, या संवेदना जशा घडतील तशा जाणल्या जातात. विचार आला तर त्याच्याशी झगडावयाचे नसते. तो आल्याची नोंद घेऊन अवधान पुन्हा पावलाकडे आणावयाचे असते. वाटेच्या टोकाशी क्षणभर थांबून वळतात. हा थांबा मन भरकटले आहे काय, हे पाहण्याचे स्वाभाविक स्थान ठरतो.

म्यानमारमधील महासी सयाडो (१९०४–८२) यांच्या परंपरेत पायाची एक हालचाल प्रथम एक, मग तीन आणि पुढे सहा टप्प्यांत विभागून न्याहाळतात; बैठे ध्यान व चंक्रमण आलटून पालटून करतात. जपानी झेन पंथात बैठकांच्या मधल्या चालण्यास ‘किन्हिन’ म्हणतात. सोतो शाखेत एका श्वासोच्छ्‌वासाला अर्धे पाऊल इतकी त्याची गती मंद असते, तर रिंझाई शाखेत ती जलद असते. व्हिएटनामी भिक्षू थिक न्हात हान्ह (१९२६–२०२२) यांनी पाश्चात्त्य देशांत चालण्याच्या ध्यानाचा प्रसार केला. याउलट, सत्यनारायण गोएंका (१९२४–२०१३) यांच्या परंपरेतील, इगतपुरीसारख्या केंद्रांवर होणाऱ्या विपश्यना शिबिरांत बैठ्या ध्यानावरच भर असतो.

कार्यकारणभाव : अवधानाची क्षमता मर्यादित असते. पावलांची लयबद्ध संवेदना ठळक, सतत नवी होणारी व भावनिकदृष्ट्या तटस्थ असल्याने तिच्याकडे लक्ष वळले, की एकाच चिंतेचे वारंवार चर्वण करण्यास वाव कमी उरतो. श्वासाची सूक्ष्म संवेदना अस्वस्थ मनाच्या हातून निसटते. जमिनीला टेकणारा तळवा मात्र सहज जाणवतो. हालचालीमुळे बैठ्या ध्यानात येणारी सुस्तीही टळते.

थायलंडमधील सौम्य ते मध्यम अवसादाची लक्षणे असलेल्या ४५ वृद्धांच्या १२ आठवड्यांच्या अभ्यासात (२०१४) बौद्ध पद्धतीने सावधपणे चालणाऱ्या गटातच अवसादाची लक्षणे घटली; केवळ चालण्याचा व्यायाम करणाऱ्यांत तसा बदल दिसला नाही. अमेरिकेतील ३८ निरोगी व्यक्तींच्या दुसऱ्या अभ्यासात (२०१५) निसर्गरम्य परिसरात ९० मिनिटे चालल्यावर चिंतेचे चर्वण कमी झाले. रहदारीच्या रस्त्याने चालणाऱ्यांत ते झाले नाही. पहिल्या अभ्यासात अवधानाचा, तर दुसऱ्यात परिसराचा प्रभाव सूचित होतो. दोन्ही अभ्यास लहान असल्याने त्यांवरून व्यापक निष्कर्ष काढता येत नाहीत.

मर्यादा : तीव्र अवसाद किंवा अन्य मनोविकारांवर चंक्रमण हा वैद्यकीय उपचाराचा पर्याय नव्हे. अतिमंद चालीत तोल सांभाळणे अवघड असते. म्हणून वृद्धांनी व तोल जाणाऱ्यांनी भिंतीलगतची वाट निवडणे आणि गती नेहमीची ठेवणे इष्ट. अंतर वा वेळेचे उद्दिष्ट गाठण्याची घाई झाल्यास चंक्रमणाचा केवळ व्यायाम होतो. येथे पोहोचावयाचे ठिकाणच नसते, आणि वाट आखूड ठेवण्याचे हेही एक प्रयोजन मानता येते.