उघडता येणारी पेटी

दुरुस्तीला आलेली पेटी वाजवून बघायच्या आधी मास्तर ती उलटी करून तिचे स्क्रू बघतात. स्क्रूच्या खाचा घासलेल्या असल्या, तर आपल्या आधी कोणीतरी हात घालून गेलंय हे त्यांना कळतं. स्क्रू नसलेच आणि जागोजाग बारीक चुका आणि फेव्हिकॉल दिसला, तर ते पेटीवर हात ठेवून थोडा वेळ गप्प बसतात. अशी पेटी उघडायची म्हणजे फोडायची.

पुण्यातल्या एका पेठेत त्यांचं दुकान आहे. पुढे गिऱ्हाइकांची बैठक, मागे रंधे, शिकंजे, सागवानाच्या फळ्या आणि भिंतीला टांगलेले अर्धवट भाते. वडिलांपासून पेट्या करायचं काम. मास्तर गेली काही वर्षं आपल्या पेटीची रचना बदलताहेत. आवाज त्यांना हवा तसा आधीच सापडलेला आहे. आता ती करायला सुटसुटीत आणि दुरुस्तीला सोपी व्हावी यासाठी त्यांची धडपड चाललीय. मला हे काम फार मोलाचं वाटतं, कारण पेटी आपल्याकडे रुजली तीच मुळी अशा फेरमांडणीमुळे.

पॅरिसच्या अलेक्झांडर दबँनी १८४२ मध्ये हार्मोनियमचं पेटंट घेतलं, ते वाद्य टेबलाएवढं होतं. खुर्चीवर बसायचं, पायांनी भाता मारायचा, दोन्ही हात पट्ट्यांवर. कलकत्त्याच्या द्वारकानाथ घोषांनी १८७५ च्या सुमारास त्याची हातपेटी केली. भाता मागच्या अंगाला नेला, तो डाव्या हाताकडे दिला, आतली यंत्रणा सोपी केली आणि सगळं मांडी घालून वाजवता येईल अशा खोक्यात बसवलं. आपल्या गाण्याला एका हाताची सुरावट पुरते, हे त्यांनी नेमकं ओळखलं होतं. संगीत नाटकांत पायपेटी आणि ऑर्गन पुढेही राहिले, पण कीर्तनात, गावोगावच्या भजनी मंडळांत, वारीत गळ्यात अडकवून गेली ती हातपेटीच. घोषांचं नाव संगीताच्या इतिहासात येतं. मला ते कारागिरांच्या इतिहासातही हवं असतं. तालुक्याच्या गावचा सुतारही समजून घेऊ शकेल असं वाद्य त्यांनी मांडून दिलं, हे लहान काम नाही.

पेटीचा प्राण सुरात. सूर म्हणजे पितळेची बोटभर पट्टी, तिला लांबट खाच आणि त्या खाचेवर एका टोकाला रिव्हेट मारून बसवलेली पातळ पितळी जीभ. हवा सुटली की जीभ खाचेतून आरपार हलते आणि नाद निघतो. जीभ आणि खाचेची कड यांत केसाएवढी फट. तिच्यात धुळीचा कण अडकला की सूर बसतो. मास्तर भिंग लावून बघतात, पातळ पत्रा जिभेखालून अलगद फिरवतात, फुंकर मारतात. सूर उतरलेला असेल तर जिभेचं मोकळं टोक किंचित खरवडायचं, टोक हलकं होऊन सूर चढतो. चढलेला असेल तर रिव्हेटजवळ मुळाशी खरवडायचं. जीभ खाचेपासून जास्त उचललेली असली तर सूर उशिरा बोलतो आणि हवा खातो. फार चिकटलेली असली तर जोराच्या भात्याला गुदमरतो. खर्ज, नर, मादी अशा सुरांच्या ओळी असतात. गुजरातेतल्या पालिताण्याचे सूर आजही नावाजलेले, मास्तर तेच वापरतात.

आता या सुरांपर्यंत पोचायचं कसं, हा खरा प्रश्न. सूर सुरपाटीच्या पोटाला बसवलेले, म्हणजे पाटी दर खेपेला बाहेर काढावी लागते. जुन्या पेट्यांत तिचे स्क्रू थेट लाकडात फिरवलेले असत. पाच-सहा वेळा काढघाल झाली की लाकडातला आटा मरतो, स्क्रू नुसता फिरतो, पाटी घट्ट बसत नाही आणि तिथून हवा गळते. मास्तरांनी लाकडात पितळी बुश ठोकून त्यांत आट्याचे स्क्रू घ्यायला सुरुवात केली. पाटीखाली मेंढीच्या मऊ कातड्याची पट्टी. आता पाटी कितीही वेळा निघते आणि तितकीच घट्ट बसते. बदल एवढासाच आहे, पण पुढच्या पन्नास वर्षांत ही पेटी उघडणाऱ्या प्रत्येक माणसाचा त्यात विचार आहे.

पट्ट्यांचं मात्र इतकं सरळ नाही. पूर्वी एका पेटीच्या सगळ्या पट्ट्या एकाच फळीतून कापत आणि मागे पेन्सिलने आकडे घालत. पावसाळ्यात लाकूड फुगलं तर सगळ्या सारख्या फुगत. पण एक मोडली की त्याच मापाची नवी हाताने घासून बसवायला अर्धा दिवस जाई. मास्तरांनी साचा केला. आता पट्ट्या एका मापाच्या निघतात, जादा करून डब्यात ठेवता येतात, मोडली की तशीच दुसरी. मात्र वेगवेगळ्या फळ्यांतल्या पट्ट्या वेगवेगळ्या फुगतात, म्हणून दोन पट्ट्यांमध्ये फट थोडी जास्त ठेवावी लागते आणि द्रुत वाजवताना खडखड येते. ती मारायला पट्टीखाली नमद्याचा तुकडा, आणि नमदा फार जाड झाला तर पट्टी जड. हे गणित अजून पुरतं सुटलेलं नाही. मी जुनी पेटीही वाजवून पाहिली. बोटाला ती अजूनही गोड लागते, हे नाकारण्यात अर्थ नाही.

मुळशीकडचे एक बुवा भजनी मंडळाची पेटी घेऊन आले होते.

"काय होतंय बुवा?"

"भाता मारला की नुसता फुस्स आवाज. हवा धरतच नाही."

मास्तरांनी मागचा भाता उघडला. कोपऱ्यातलं कातडं उंदरांनी खाल्लं होतं. कातडं आणि सरस, दोन्ही उंदरांच्या आवडीचं. तरीही मास्तर भात्याला सरसच लावतात. पाण्याच्या भांड्यात सरसाचं भांडं ठेवून ते मंद गरम होतं, वास साऱ्या दुकानात. त्याचा गुण असा की ओल्या गरम फडक्याने सांधा सुटतो, कातडं निघतं, खालचा पुठ्ठा शाबूत राहतो. फेव्हिकॉलच्या सांध्याला पुठ्ठाच फाटून येतो. म्हणून खोक्याच्या कोपऱ्यांना फेव्हिकॉल, भात्याला सरस आणि कागदाच्या खळीत कीड लागू नये म्हणून मोरचूद. कुठलं कधीच उघडायचं नाही आणि कुठलं उघडावंच लागणार, हे आधी ठरवून मगच ते डिंकाला हात लावतात.

स्केलचेंजर पेट्या ते करतात, पण मागणी आहे म्हणून. त्यात पट्ट्यांची चौकट आडवी सरकते आणि तीच पट्टी शेजारच्या सुराची झडप उघडते. त्यासाठी पट्ट्यांचा एक थर, झडपांच्या दांड्यांचा दुसरा. वजन वाढतं, सांधे वाढतात. रोज वेगळ्या गायकाला साथ करणाऱ्याला ती सोय लाखमोलाची आहे. पण मंडळांनी केवळ प्रतिष्ठेसाठी ती घ्यावी आणि वर्षभरात माळ्यावर टाकावी, याचं मला वाईट वाटतं.

सध्या मास्तरांनी मागचा अख्खा भाता सुटा करायचं मनावर घेतलंय. चार स्क्रू काढले की भाता हातात; गावच्या माणसाने तेवढाच पाठवावा, पेटी घरीच राहावी. नमुन्याची पेटी तयार आहे. सगळे स्टॉप बंद करून ते आतला भाता हवेने भरतात आणि तो किती वेळात बसतो ते घड्याळावर बघतात. अजून तो लवकर बसतो.

"खालचा डावा कोपरा गळतोय," मास्तर म्हणाले. "कातडं बदलून बघतो. नाही जमलं तर चाराचे सहा स्क्रू करू."