मोटरहोमची हवा आणि वजनकाटा

इटलीतल्या आतेस्सा गावाजवळच्या कारखान्यातून फियाट डुकाटो कित्येकदा अर्धवटच बाहेर पडते. पुढे ड्रायव्हरची केबिन, मागे नुसती उघडी चासी. तिच्यावर घर चढवतो दुसराच कारखाना: ओटा, फ्रिज, पलंग, संडास, पाण्याची टाकी. युरोपच्या रस्त्यांवरची असंख्य मोटरहोम अशीच बनतात. पण टायरमध्ये हवा किती भरायची, हे सांगणारा आकडा पहिल्या कारखान्याचा असतो. तिथे कुणाला ठाऊक असणार, की या घरात पुढे चार माणसं, दोन सायकली आणि महिन्याचा शिधा चढणार आहे?

225/75 आर 16 सीपी या कॅम्पिंगच्या टायरसाठी हा आकडा बहुधा 5.5 बार, म्हणजे 80 पीएसआय असतो. आपल्या मोटारीत 30-32 ची हवा भरतात, तिच्या अडीचपट. हा दाब अ‍ॅक्सलवर परवानगी आहे तेवढा पूर्ण भार गृहीत धरून ठरवलेला असतो. भार त्याहून बराच कमी असेल, तर टायर दगडासारखा कडक राहतो, कपाटातल्या कपबशा खडखडतात आणि ओल्या रस्त्यावर पकड घटते. उलट हवा कमी पडली, तर टायरच्या बाजू प्रत्येक फेऱ्याला दबतात, तापतात आणि मोटरवेवर तासन्‌तास धावल्यावर टायर फुटू शकतो. यातला दुसरा धोका कितीतरी मोठा, म्हणून अंदाजाने हवा सोडणं वाईटच.

खात्रीचा मार्ग वजनकाट्यावरून जातो. सुट्टीला निघताना असते तशीच गाडी न्यायची: पाण्याची टाकी भरलेली, गॅसचे सिलिंडर जागेवर, सगळी माणसं बसलेली. एकट्या पाण्याचंच 100 लिटरला 100 किलो होतं. पुढचा आणि मागचा अ‍ॅक्सल वेगवेगळा तोलायचा. जमलं तर प्रत्येक चाक. ओटा, फ्रिज आणि टाकी एकाच बाजूला आली, की डाव्या-उजव्या चाकांच्या भारात फरक पडतो. अशा वेळी जड चाकाला लागणारा दाब त्या अ‍ॅक्सलच्या दोन्ही बाजूंना ठेवतात.

मागे टांगलेल्या सायकलींची गंमत तर कागदावर मांडून पाहावी अशी आहे. दोन विजेच्या सायकली आणि त्यांचा रॅक मिळून 70 किलो धरू. दोन अ‍ॅक्सलमधलं अंतर 4 मीटर, आणि रॅक मागच्या अ‍ॅक्सलच्या अडीच मीटर मागे. तरफेच्या हिशेबाने मागच्या अ‍ॅक्सलवर 70 ऐवजी जवळपास 114 किलो वाढतात आणि पुढचा अ‍ॅक्सल 44 किलोंनी हलका होतो. डुकाटोची पुढची चाकंच गाडी ओढतात आणि वळवतात, त्यामुळे हा हलकेपणा चिखलात आणि चढावर लगेच जाणवतो.

वजनाची चिठ्ठी हातात आली, की टायर कंपनीचा तक्ता पाहायचा किंवा कंपनीलाच आकडे कळवायचे. पुढच्या चाकांचा दाब अनेकदा उतरवता येतो. मागच्या अ‍ॅक्सलला एकेकच चाक असेल, तर सीपी टायरसाठी सहसा 5.5 बारच सांगितले जातात.

हवा मोजायची ती टायर गार असताना, सकाळी निघण्यापूर्वी. चालून तापलेल्या टायरचा आकडा वाढलेला दिसतो; तो पाहून हवा काढली, तर गार झाल्यावर कमीच पडणार. ऋतूचाही परिणाम लहान नसतो. दक्षिण स्पेनमध्ये 20 अंशाला भरलेले 5.5 बार, जर्मनीत परतल्यावर शून्य अंशाला सुमारे 5.1 वर येतात. टायरमधून काहीही गळलेलं नसताना.

आणि व्हॉल्व्ह. मोटारीचा साधा रबरी व्हॉल्व्ह साधारण 65 पीएसआयपर्यंतच्या दाबासाठी असतो. 80 पीएसआयच्या चाकावर तो बसवणं धोक्याचं, म्हणून टायर बदलताना धातूचा व्हॉल्व्ह आवर्जून मागून घ्यायचा.